मोफत ई-शटलचा विस्तार : एप्रिल ते जून, कामाच्या नोंदी

४ एप्रिल

विस्ताराला मंजुरी मिळाली. स्टेशनच्या भागात विजेच्या सहा गाड्यांवर चालणारी, ॲपवरून किंवा फोन करून बोलवायची आपली सेवा आता टेकडी, नदीपलीकडची वस्ती आणि रुग्णालयाचा परिसर इथेही जाणार. चार गाड्या वाढवून मिळाल्यात, म्हणजे एकूण दहा. क्षेत्र मात्र ४ चौरस किलोमीटरवरून १६ वर जातंय.

हा हिशोब दिवसभर डोक्यात घोळतोय. चौरसातले कुठलेही दोन बिंदू घेतले, तर त्यांच्यातलं सरळ रेषेतलं सरासरी अंतर बाजूच्या साधारण ०.५२ पट भरतं. २ किलोमीटर बाजूच्या चौरसात ते एक किलोमीटरच्या आसपास येतं, ४ किलोमीटर बाजूच्या चौरसात दोनच्या. रस्ते वळणावळणाचे असल्यामुळे खरं अंतर याहून जास्त, पण प्रमाण तेच राहतं. म्हणजे एका ट्रिपला गाडी दुप्पट वेळ अडकणार, आणि गाड्या दुपटीनंसुद्धा वाढलेल्या नाहीत. कागदावर सेवा वाढतेय, पण एकेकाच्या वाट्याला येणारी गाडी कमी होतेय.

बैठकीत हे मांडलं. त्यावर उत्तर आलं की माणसं अशी कुठूनही कुठेही फिरत नसतात, बहुतेक जण जवळच जातात. तेही खरंच आहे, म्हणून मी फार ताणून धरलं नाही. सगळ्यांना चारही भागांचा मिळून एकच झोन हवा होता, तोच ठरला.

स्वतःसाठी एक गोष्ट लिहून ठेवते. सेवा मोफत असली तरी प्रवासी तिच्यासाठी वाट पाहण्यातला वेळ मोजतोच. तिकिटाचा दर आपण शून्यावर आणला, हा दर शून्यावर येत नाही. तो कोणाच्या माथी किती पडावा, एवढं आपल्या हातात आहे.

११ एप्रिल

तीन दिवस टेकडीवर पायी फिरले. आपण दारापर्यंत गाडी नेत नाही, नकाशावर ठरवलेल्या थांब्यापर्यंत नेतो. तिथे खांब नसतो, फलक नसतो, ॲपमध्ये आणि चालकाच्या पडद्यावर फक्त एक खूण असते. यामुळे गाडीला प्रत्येक गल्लीबोळात शिरावं लागत नाही आणि दोन-तीन प्रवासी एकाच जागी भेटतात. प्रवाशानं दोन-तीन मिनिटं चालावं, एवढीच अपेक्षा.

थांबे संगणकानं आपोआप मांडून दिले होते, प्रत्येक घरापासून २०० मीटरच्या आत एक. एका आळीतल्या घरांपासून थांबा ६० मीटरवर दाखवत होता. प्रत्यक्षात मध्ये ८४ पायऱ्या निघाल्या. कठडा एकाच बाजूला, तोही मधे तुटलेला. मी वरून मोजत उतरत होते. समोरून एक आजी पिशवी घेऊन चढत होत्या, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायच्या आणि मग पुढची पायरी. वळणावर दम घ्यायला थांबल्या तेव्हा विचारलं, “काय मोजतेस गं?” मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “उतरताना काय मोजायचं? चढताना मोज, आणि हातात ओझं घेऊन मोज.”

त्यांची पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर वर गेले. मधे तीनदा थांबावं लागलं. थांबा वरच्या रस्त्यावर हलवला. तिथे गाडी वळवायला जागा कमी आहे, चालकाला दोनदा मागे-पुढे करावं लागेल. तेवढं चालेल.

दुसरा घोळ खुणेचा. मोकळ्या आकाशाखाली फोनच्या जीपीएसची चूक चार-पाच मीटरची असते, उंच इमारतींच्या मधे ती कितीतरी वाढते. टेकडीवर वरचा रस्ता आणि खालचा रस्ता नकाशावर जवळजवळ चिकटलेले दिसतात, मधे मात्र दोन मजल्यांची भिंत. प्रवासी वर, गाडी खाली, दोघंही म्हणणार मी पोचलोय. म्हणून इथे खूण प्रवाशाच्या फोनवर सोडायची नाही, आपण पायी जाऊन पक्की केलेली जागाच दाखवायची. रस्त्याची कुठली बाजू, रात्री दिवा आहे का, चाकाच्या खुर्चीसाठी उतरण टेकेल इतकी सपाट जागा आहे का, गाडी थांबली तर मागची बस अडेल का, हे प्रत्येक थांब्याला वहीत लिहिलंय. नदीपलीकडचे थांबे पुढच्या आठवड्यात.

१६ एप्रिल

चार्जिंग. आठ गाड्या स्टेशनजवळच्या डेपोत, दोन टेकडीवर पाण्याच्या टाकीपाशी. २३० व्होल्ट, ३२ अँपिअर म्हणजे एका चार्जरचे ७.४ किलोवॅट. आठ एकदम लावले तर ५९ होतात, डेपोला मंजूर भार ४० चा. भार वाढवून घ्यायचा अर्ज दिलाय, पण सुरुवातीच्या तारखेआधी काही होईल असं दिसत नाही.

तोवर दोन पाळ्या. रात्री अकरा ते अडीच पाच गाड्या, मग पहाटे सहापर्यंत तीन. दिवसभरात १२० किलोमीटर चालली तर गाडीला साधारण २४ युनिट लागतात, साडेतीन तासांत तेवढी वीज भरते. कमी पडलं तर दुपारी तासभर. हिशोब जमतोय. रात्रपाळीच्या दादांना अडीच वाजता उठून केबल बदलाव्या लागतील.

२ मे

सुरू झालं. दहाही गाड्या रस्त्यावर. टेकडीवरच्या वरच्या थांब्यावर पहिल्याच तासात चार जण चढले. पायऱ्यांवरच्या आजी त्यांत होत्या की नाही, ते चालकाला विचारायचं राहून गेलं.

५ मे, सोमवार

आजची नोंद नीट लिहायला हवी.

सकाळी आठ चाळीसला दहापैकी नऊ गाड्या गुंतलेल्या. नदीपलीकडून मागणी आली. मोकळी गाडी एकच, टेकडीवर, साडेपाच किलोमीटरवर. प्रणालीचा नियम साधा होता: सर्वांत जवळची मोकळी गाडी पाठवा. सर्वांत जवळची तीच होती, म्हणून ती निघाली. अठरा मिनिटं रिकामी. ती निघाल्यावर तीन मिनिटांत टेकडीवरून मागणी आली. तिथली गाडी तर निघून गेलेली. तेवढ्यात नदीपलीकडे एक गाडी मोकळी झाली, तिला टेकडीवर पाठवलं गेलं.

मी नियंत्रण कक्षात उभी होते. पडद्यावर दोन निळे ठिपके पुलाच्या मधोमध एकमेकांना ओलांडून गेले. दोन्ही रिकामे. एक टेकडीवरून नदीपलीकडे, दुसरा नदीपलीकडून टेकडीकडे. माझ्या शेजारी बसलेला सहकारी काही बोलला नाही, त्यानं फक्त पडद्यावर बोट टेकवलं.

पुढच्या पाऊण तासात हेच वाढत गेलं. गाडी प्रवाशापर्यंत पोचायलाच जास्त वेळ घेते, म्हणून उशिरा मोकळी होते. उशिरा मोकळी होते, म्हणून कुठल्याही क्षणी मोकळ्या गाड्या कमी. मोकळ्या गाड्या कमी, म्हणून पुढच्या प्रवाशासाठी त्याहून लांबची गाडी. दोरा एकदा गुंतला की ओढावा तितका घट्ट होतो, तसं झालं. नऊ वीसला दहाही गाड्या धावत होत्या आणि त्यांतल्या सहांत प्रवासीच नव्हता.

बारा मिनिटं सांगितलेल्या एका ताईंना एकतीस मिनिटं लागली. त्या कामावर उशिरा पोचल्या. दुपारी त्यांचा फोन आला. आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं, “उद्या भरवसा ठेवू का? नाहीतर मी लवकर निघून चालत जाईन.” मी उद्या चालत जा म्हणाले. तीन वर्षांत प्रवाशाला असं पहिल्यांदा सांगितलं.

६ मे

कालच्या प्रकाराचं कारण चालकांत नाही आणि वाहतूक कोंडीतही नाही. गाड्या कमी आणि झोन मोठा असला की दूरची गाडी पाठवण्याचा नियमच सेवेला खातो. पैसे घेणाऱ्या टॅक्सी सेवा अशा वेळी भाडं वाढवतात, मग काही जण थांबतात, काही दुसरा मार्ग धरतात आणि मागणी ओसरते. आपल्याकडे ती सोय नाही आणि मला ती नकोच आहे. गर्दीच्या वेळी ज्याच्या खिशात जास्त त्याला आधी, हे या सेवेत कधीच येता कामा नये.

मग मर्यादा अंतरावर घालायची. आठ मिनिटांपेक्षा लांबून कोणतीही गाडी बोलवायची नाही. तेवढ्यात गाडी नसेल तर मागणी रांगेत राहील आणि प्रवाशाला तसं स्पष्ट सांगितलं जाईल. सहकाऱ्याचं म्हणणं, ‘सध्या गाडी नाही’ असं वाचून लोक नाराज होतील. होतील. पण कालचे लोक ‘बारा मिनिटं’ वाचून उभे राहिले होते.

हा अनुभव जगाला नवा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीनं १९७४ च्या अखेरीस फोन करून बोलवायची बससेवा साऱ्या काउंटीभर एकदम सुरू केली. दहा लाखांवर वस्तीचा प्रदेश, गाड्या मोजक्या. फोनवर इतके लोक तुटून पडले की लाइनच लागेना, आणि १९७५ मध्ये, काही महिन्यांतच ती गुंडाळावी लागली. लोकांना सेवा नको होती म्हणून ती बुडाली नाही. हव्याहव्याशा सेवेला पुरतील इतक्या गाड्या नव्हत्या.

संध्याकाळी नव्या सहकारी मुलीनं विचारलं की संगणक इतका वेगवान असताना सर्वांत चांगला मार्ग का काढत नाही. कागदावर करून दाखवलं. एका गाडीत तीन प्रवासी, प्रत्येकाचं चढणं आणि उतरणं, आणि उतरणं चढण्यानंतरच. एवढ्या सहा थांब्यांचे क्रम होतात ९०. चार प्रवासी झाले की २,५२०. पाच झाले की १,१३,४००. हे एका गाडीचं, वर दहा गाड्या, आणि दर मिनिटाला नवी मागणी. म्हणून प्रणाली सगळं नव्यानं मांडत बसत नाही. चालू मार्गात नवा प्रवासी कुठे बसवला तर आधीच्यांचा सर्वांत कमी खोळंबा होतो, एवढं बघते. ती पटपट ठरवते, पण पलीकडच्या अर्ध्या तासाचा विचार करत नाही. तो विचार नियम ठरवणाऱ्यांनी, म्हणजे आपण करायचा असतो.

९ मे

एकच झोन मोडला. आता चार झोन, प्रत्येकाच्या ठरलेल्या गाड्या. सगळे झोन स्टेशनपाशी एकमेकांत येतात. टेकडीवरून नदीपलीकडे जायचं तर शटलनं स्टेशनला यायचं, तिथून दर दहा मिनिटांनी सुटणारी बस धरायची, पलीकडे उतरून हवी तर पुन्हा शटल.

यात प्रवाशाचं नुकसान आहे, ते मी नाकारत नाही. दोनदा चढ-उतार. पण नदीपलीकडे नेणारी बस रिकामी धावत असताना तिच्या शेजारून आपली सात आसनी गाडी एकाच माणसाला घेऊन जात होती. मागणीनुसार चालणाऱ्या सेवेत एका गाडीवर तासाला तीन ते पाच प्रवासी हे नेहमीचं प्रमाण आहे. बरी चालणारी बस त्याच्या कितीतरी पट माणसं नेते. बसचं काम आपण अंगावर घेतलं तर बसही जाईल आणि आपणही.

एकच सूट ठेवली आणि ती मी भांडून ठेवली. रुग्णालय कुठल्याही झोनमधून थेट, गाडी न बदलता. डायलिसिस घेणाऱ्यांना सहसा आठवड्यातून तीनदा जावं लागतं आणि दर खेपेला चारेक तास लागतात. संपल्यावर अंगात त्राण नसतं, कुणाचा रक्तदाब उतरलेला असतो, तर कुणाच्या हातावरची पट्टी अजून ओली असते. त्या माणसाला स्टेशनवर उतरून बस शोधायला सांगायचं? परतीची वेळही आधी सांगता येत नाही. रक्त थांबायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. म्हणून त्यांच्या परतीच्या बुकिंगची वेळ उघडी ठेवलीय. ते निघायला तयार झाले की कळवतील आणि त्या क्षणी त्यांचा नंबर रांगेत सर्वांत वर. कुणी हरकत घेतली तर माझ्याकडे पाठवा असं फोनवरच्या मंडळींना सांगून ठेवलंय.

१३ मे

फोनवरून बुकिंग करणाऱ्यांना गाडी मिळत नाही, ॲपवाल्यांना मिळते. गेला आठवडाभर फोन घेणाऱ्या ताई हे सांगत होत्या आणि आम्ही ‘गर्दी आहे’ म्हणून सोडून देत होतो. आज त्यांच्या शेजारी बसून ऐकलं.

नऊ वाजून चार मिनिटांनी फोन आला. एक काका. नाव सांगितलं, कुठून विचारलं तर “आपल्या टाकीच्या अलीकडे.” कुठली टाकी, अलीकडे म्हणजे कुणाच्या अलीकडे, हे उलगडायला दोन मिनिटं गेली. मग काकूंना विचारून आले की परत कधी निघायचं. ताईंनी ‘बुक’ दाबलं तेव्हा नऊ वाजून सात मिनिटं झाली होती. या तीन मिनिटांत टेकडीची मोकळी गाडी ॲपवरच्या कुणीतरी नेली होती. त्या माणसानं काही गैर केलं नाही, त्याचं बोट लवकर पोचलं एवढंच.

आता बदल असा: फोनची घंटा वाजते त्या क्षणी त्या झोनच्या रांगेत एक जागा धरली जाते. जुना नंबर असला तर झोन आधीच ठाऊक असतो, नवा असला तर पहिला प्रश्न तोच. बोलायला कितीही वेळ लागो, नंबर घंटा वाजल्याच्या वेळेचा. पाच मिनिटांत बुकिंग झालं नाही तर जागा सुटते. दोन दिवसांचं काम होतं. गेल्या महिन्यातच करायला हवं होतं.

ताईंना म्हटलं, पुढच्या वेळी मी ऐकलं नाही तर माझा हात धरून इथे बसवा. त्या म्हणाल्या, “खुर्ची आणूनच ठेवते.”

१९ मे

पाच क्रमांकाची गाडी टेकडीच्या चढावर अडली. आत तीन प्रवासी. बॅटरी २१ टक्के दाखवत होती, चढ लागताच आकडा ७ वर आला आणि गाडीनं आपोआप जोर कमी केला. चालक ताईंनी घाबरून न जाता गाडी कडेला घेतली, दिवे लावले, तिघांना उतरवून सावलीत उभं केलं आणि मग फोन केला. सातव्या मिनिटाला दुसरी गाडी पोचली. कुणाला इजा नाही.

कारण संध्याकाळी सापडलं आणि ते माझ्या १६ एप्रिलच्या नोंदीत आहे. आपल्या बॅटऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या. त्या टिकाऊ असतात, तापमानालाही बऱ्यापैकी सोसतात. पण त्यांच्या सेलचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पल्ल्यात ३.२ ते ३.३ च्या आसपास जवळजवळ सपाट राहतो. म्हणजे व्होल्टेज बघून ६० टक्के आहे की ३० हे नीट कळत नाही. मग गाडीतली यंत्रणा आत किती वीज गेली आणि बाहेर किती आली, याची बेरीज-वजाबाकी करत राहते. रोजची बारीक चूक साठत जाते. बॅटरी पूर्ण भरत आली की व्होल्टेज झपकन चढतो, तेव्हाच यंत्रणेला खूण पटते आणि हिशोब नव्यानं सुरू होतो.

पाच नंबरची गाडी दुसऱ्या पाळीतली. पहाटे सहाला केबल काढली जायची तेव्हा ती ८५-९० टक्क्यांवर असायची. २ मेपासून एकदाही १०० ला पोचली नव्हती. माझा हिशोब युनिटांचा होता, बॅटरीला काय लागतं याचा नव्हता.

आजपासून: प्रत्येक गाडी आठवड्यातून एकदा १०० टक्के, आणि भरल्यावर थोडा वेळ केबल तशीच ठेवायची म्हणजे सेल एकमेकांशी जुळतात. २५ टक्क्यांखाली टेकडीची ट्रिप द्यायची नाही. चालक ताईंचं नाव घेऊन बैठकीत कौतुक केलं. इथे नाव लिहीत नाही, पण त्यांना कळावं म्हणून नोंद.

२३ मे

कालच टेकडीवरच्या दोन्ही गाड्या रात्रभर पूर्ण भरल्या. आज सकाळी सहा वाजता चालक दादांचा फोन: “पाय उचलला की गाडी धरते ना, आज धरलीच नाही. ब्रेक लागला, पण मन धसकलं.”

बरोबर आहे त्यांचं. उतारावर पाय उचलला की मोटर जनित्रासारखी चालून वीज बॅटरीत परत टाकते आणि त्या ओढीनं गाडी हळू होते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागाच नाही, म्हणून ती ओढ मिळत नाही. सगळा भार साध्या ब्रेकवर. टेकडीच्या माथ्यावर गाडी पूर्ण भरायची आणि पहिलीच फेरी उताराची, असं मी करून बसले.

टेकडीच्या गाड्या आता वरती ९० पर्यंतच भरतील. आठवड्यातली पूर्ण भरणी खाली डेपोत. चार दिवसांपूर्वीचा नियम आज बदलला. सगळ्या चालकांना हे समोर बसून समजावून सांगितलं. कागद पाठवून भागणार नव्हतं. दादांनी शेवटी विचारलं, “म्हणजे गाडी बिघडली नव्हती तर?” नव्हती. बिघाड माझ्या वेळापत्रकात होता.

३० मे

रुग्णालयाच्या थांब्यावर एक दृष्टिहीन गृहस्थ रोज संध्याकाळी उभे असतात. आज तिथेच होते म्हणून भेट झाली. म्हणाले, “तुमची गाडी येते ते मला कळतच नाही. जुनी डिझेलची गाडी कोपऱ्यावर असतानाच ओळखू यायची.”

विजेच्या गाड्यांना कमी वेगात मुद्दाम आवाज करणारं उपकरण असतं. आंतरराष्ट्रीय नियमानुसार तो ताशी २० किलोमीटरपर्यंत यावा लागतो, त्यापुढे टायरचाच आवाज पुरतो. पण गाडी उभी राहिली की आवाज बंद. थांब्यावर ती उभीच असते! फोन ‘गाडी आली’ म्हणतो, पण दहा पावलांवर की समोर, ते सांगत नाही. मागच्या आठवड्यात ते भलत्याच गाडीचं दार चाचपत होते, आतल्या माणसानं हटकलं.

उपाय यंत्राचा नाही. अशा प्रवाशाच्या बुकिंगवर खूण असेल, चालक दार उघडून खाली उतरेल आणि नावानं हाक मारेल. किती वेळ जातो ते घड्याळ लावून पाहिलं: चाळीस सेकंद. आज चालकानं “या काका, मी उजव्या हाताला आहे” म्हटलं तेव्हा त्यांनी काठी घडी केली आणि हात पुढे केला.

८ जून

स्टेशनच्या झोनमध्ये तीनशे, चारशे मीटरच्या ट्रिपा वाढल्यात. सेवा मोफत, गाडी समोरून जातेय, मग कोण चालेल? एस्टोनियाची राजधानी टॅलिनमध्ये २०१३ पासून तिथल्या नोंदणीकृत रहिवाशांना सार्वजनिक वाहतूक मोफत केली, तेव्हाही अभ्यासकांना हेच दिसलं की नव्यानं वाढलेल्या प्रवासांत आधी पायी जाणाऱ्यांचा वाटा मोठा होता. मोटारी घरी राहाव्यात म्हणून आपण हे चालवतो. चालणारा माणूस गाडीत बसला तर रस्त्यावरची एकही मोटार कमी होत नाही आणि ज्याला खरंच लांब जायचंय तो ताटकळतो.

म्हणून ६०० मीटरच्या आतली ट्रिप दिवसा नाही. ज्याला चालायला त्रास आहे, कडेवर मूल आहे, जड सामान आहे, त्यानं ॲपवर एक खूण करायची किंवा फोनवर सांगायचं. दाखला मागायचा का यावर बराच वाद झाला. मी मागू नये म्हणाले. कुणी खोटं सांगून चारशे मीटर जाईल. पण खरोखर गुडघे धरलेल्या माणसाला आपण कागद आणायला पाठवणं त्याहून वाईट. अंधार पडल्यावर ही अट कुणालाच नाही.

१७ जून

पाऊस. मागणी वाढते आणि गाड्यांचा वेग उतरतो, दोन्ही एकाच वेळी. नदीकाठचे तीन थांबे पाणी साचल्यामुळे बंद ठेवून वरच्या रस्त्यावर घेतले.

ॲपवर आतापर्यंत एकच आकडा दाखवत होतो, ‘१४ मिनिटं’. आजपासून दोन दाखवतो, ‘१४ ते २२’, आणि मोठा आकडा ठळक. बैठकीत भीती होती की २२ बघून लोक बुकिंगच सोडतील. काही जणांनी सोडलं, ते बसनं गेले. जे थांबले ते घरात, आडोशाला थांबले, कारण त्यांना घाई करून भिजत उभं राहायची गरज नव्हती. आज ‘गाडी कुठाय’ विचारणारे फोन किती कमी आले, ते फोनवरच्या ताईंनी जाताना आपणहून सांगितलं.

२६ जून

विमानतळाच्या रस्त्यालगतच्या वस्तीचं पत्र आलंय. खाली बऱ्याच सह्या, दोन अंगठेही. आम्हालाही सेवा द्या, आम्हीही याच शहरात राहतो. वाचून गप्प बसले. बस तिथून पाऊण किलोमीटरवर थांबते आणि वाटेत पदपथ नाही, हे त्यांनी लिहिलंय आणि ते खरं आहे.

वरून विचारणा झाली की आहे त्याच दहा गाड्यांत हा भाग सामावून घेता येईल का. लेखी उत्तर दिलं: नाही. तीन गाड्या आणि त्यांचे चालक मिळाले तर वेगळा झोन म्हणून घेऊ, नाहीतर घेऊ नये. सोबत ५ मेचा पुलावरचा नकाशा जोडला, दोन निळ्या ठिपक्यांसकट. फिनलंडमधल्या हेलसिंकीतल्या कुत्सुप्लुस सेवेचाही दाखला दिला. तिथे शहरभर मागणीनुसार चालणारी सेवा १५ मिनीबसवरच राहिली, पुढच्या वाढीला पैसे मिळाले नाहीत आणि २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली. लोकांना ती आवडत होती तरीही.

वस्तीला मात्र नुसता नकार पाठवायचा नाही असं ठरवलं. पदपथासाठी वेगळा अर्ज आमच्या खात्याकडून गेला. गाड्या कधी मिळतील ते सांगता येत नाही, पण मिळाल्यावर थांबे कुठे हवेत हे आत्ताच पाहून ठेवता येईल. पत्रावरच्या पहिल्या सहीखाली फोन नंबर होता, त्यावर बोलले. पलीकडून एक बाई म्हणाल्या, “या की, मी दाखवते. पण सकाळी या, पाऊस पडून गेल्यावर, म्हणजे आम्ही कुठून चालतो ते दिसेल.”

उद्या सातला जातेय. वही, टेप, आणि या वेळी हातात भरलेली पिशवी.